रुबाब जीपचा, चाल शहरातली

पुण्याच्या मुलांना गाड्यांचं काय नवल? पिंपरी, आकुर्डी, चाकण, रांजणगाव... जिकडे पाहावं तिकडे गाड्यांचे कारखाने! वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला गेलात, तर तिथे एआरएआय ही संस्था लागते. १९६६ साली सुरू झालेल्या या संस्थेत गाड्यांची कसून परीक्षा घेतात. पण आज मी सांगणार आहे ती परीक्षा झाली पुण्यापासून सुमारे ७० किलोमीटरवर, केळद गावाजवळ. आणि गाडी त्यात चक्क नापास झाली, बरं का!

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. माझ्या भाऊजींनी नवीकोरी गाडी घेतली होती. बसायला उंच, चाकांभोवती जाड काळा पट्टा, टपावर चकचकीत कठडे. सोसायटीत जो तो म्हणाला, "वा, जीप घेतलीत!" गाडीचं नाव काही सांगत नाही, कारण या जातीच्या बहुतेक गाड्यांची कथा एकच आहे. यांना म्हणतात कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर. म्हणजे अंग मोटारीचं आणि थाट जीपचा!

गाडी आली की सहल आलीच. ठरलं, मढे घाट पाहायचा. कात्रज ओलांडून खेड शिवापूर, मग नसरापूर फाट्याला वळलो. मार्गासनी, विंझर करत वेल्हे आलं. इथे मान वर करून पाहिलंत, की १४०३ मीटर उंचीचा तोरणा समोर उभा! वेल्ह्याच्या पुढे घाटरस्त्याने केळदकडे जाताना तर डोळे निवले. खाचरांतला भात पोटरीत आलेला, आणि उतारांवर सोनकीची पिवळीधमक फुलं.

केळद मागे पडलं आणि डांबर संपलं. पुढे लाल मातीची वाट. रात्री पाऊस झालेला. ट्रॅक्टरच्या जाण्यायेण्याने दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या, मधे मातीचा उंचवटा.

मी म्हटलं, "भाऊजी, इथून चालत जाऊ या."

"मग एवढी उंच गाडी घेतली कशाला?" भाऊजी हसले आणि त्यांनी गाडी आत घातली.

दोनशे पावलं गेलो असू. घर्रर्र! उजवं पुढचं चाक चिखलात रुतलं आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. भाऊजी अ‍ॅक्सिलरेटर दाबत होते, तसं चाक गरगरत होतं आणि आणखी खोल जात होतं. आम्ही सगळे खाली उतरलो. सातवीतली माझी भाची वाकून पाहू लागली.

"मामा, फिरतंय फक्त चिखलातलं चाक! डावं चाक तर दगडावर आहे. ते का नाही ढकलत?"

किती छान प्रश्न, नाही का? त्याचं उत्तर नीट समजून घेऊ या.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. शाळेच्या मैदानावर रांगेने गोल फिरताना कडेचा मुलगा कसा पळतो, तसंच. म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी एक दातेरी यंत्रणा असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. ही यंत्रणा दोन्ही चाकांना सारखाच जोर वाटते. रस्त्यावर हे उत्तमच. पण चिखलातलं चाक अगदी थोड्या जोरानेही गरगर फिरतं. मग दगडावरच्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो आणि ते गप्प उभं राहतं! नव्या गाड्यांत गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागून थोडी मदत होते, पण पोट टेकलं की तीही अपुरी पडते.

"आणि मागची दोन चाकं?" भाचीने विचारलं. ती तर नुसती मागून येणारी! या जातीच्या बहुतेक गाड्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. त्यामुळे वजन वाचतं, इंधन वाचतं, आत जागा जास्त मिळते. खऱ्या डोंगरी गाडीत, म्हणजे आपण ज्याला फोर बाय फोर म्हणतो त्यात, ताकद चारही चाकांना देता येते. शिवाय ‘लो रेंज’ नावाचे जादा गिअर असतात. त्यांत गाडी गोगलगाईसारखी चालते, पण ओढते बैलजोडीसारखी.

आता एक गंमत पाहा. तुम्ही म्हणाल, जीप जास्त उंच असते म्हणून अडकत नाही. रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन २०१७ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या पोटाखालची मोकळी जागा, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, २०९ मिलिमीटर होती. नाशिकला तयार होणारी थार २०२० साली नव्या रूपात आली, तिची आहे २२६ मिलिमीटर. फरक किती? अवघा १७ मिलिमीटर! तुमच्या करंगळीच्या दोन पेरांहूनही कमी. मग खरा फरक कशात? चार चाकांच्या ताकदीत, लो रेंजमध्ये, आणि नाकाच्या आकारातही. थारचं नाक असं कापलेलं आहे, की ४१.८ अंशांचा चढ समोर आला तरी बंपर आपटत नाही. क्रॉसओव्हरचं नाक सहसा लांब आणि खाली झुकलेलं असतं. आणि एक लक्षात ठेवा. पाच माणसं आणि डबे-पिशव्या बसल्या, की पोटाखालची जागा आणखी कमी होते.

एव्हाना भाऊजी घामाघूम झाले होते. त्यांनी एक शक्कल काढली. "डावीकडे खाचराच्या कडेवरून घेतो. तिथे गवत आहे, चाक धरेल."

इतक्यात मागून हाक आली, "ओ पाव्हणं, थांबा!"

बांधावरून एक आजोबा भराभर येत होते. डोक्यावर पोतं पांघरलेलं. येताच ते बांधावर आडवेच उभे राहिले. "गाडी हितनं घालू नका. बांध फुटंल. खाचरातलं पानी घटकाभरात निघून जाईल. भात पोटरीत हाय, आत्ताच त्याला पानी लागतंय."

भाऊजींचा हात गिअरवरच राहिला. ज्या हिरव्या कडेला आम्ही नुसतं गवत समजत होतो, तो कुणाच्या तरी वर्षभराच्या भाकरीचा कठडा होता! भाऊजींनी इंजिन बंद केलं. "चुकलंच बाबा," ते म्हणाले.

आजोबांनी गाडीकडे एकदा खालून-वरून पाहिलं. "गाडी दिसायला दांडगी हाय. पन ही सडकंची गाडी. तिला चिखलात घातली, ह्यात तिचा काय गुन्हा?"

मग त्यांनी गावातून ट्रॅक्टर बोलावला. भाचीने डिकीच्या तळातून दोर बांधायची लोखंडी कडी शोधून काढली. ती बंपरमधल्या भोकात पिळून बसवायची असते. आम्हाला सगळ्यांना दूर उभं केलं, कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा लागतो. ट्रॅक्टरने हळूहळू ओढ घेतली आणि गाडी सुटली! ट्रॅक्टरवाल्या दादाने डिझेलपुरते पैसे घेतले. गाडी डांबरावर लावली आणि आम्ही निघालो पायी.

मढे घाटाच्या कड्यावर उभं राहिलात, की खाली अख्खं कोकण उलगडतं. १६७० साली सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले, तेव्हा त्यांचा देह याच वाटेने त्यांच्या उमरठ गावी नेला, असं सांगतात. घाटाचं नाव त्यावरूनच पडलं, म्हणे. माणसांच्या खांद्यावरून, माणसांच्या पायांनी! ते आठवलं आणि आमची तेवढीशी चाल अगदीच किरकोळ वाटली. वाटेत एका ठिकाणी मात्र मन खट्टू झालं. कुणीतरी हौसेने मोठी गाडी फुलांत घातली होती. सोनकीच्या मधोमध चाकांचे दोन काळे पट्टे उमटले होते. ती गाडी कदाचित परीक्षेत पास झाली असेल. पण चालवणारा?

परतताना भाऊजी म्हणाले, "गाडी वाईट नाही. मीच तिला भलता पेपर दिला." अगदी खरं! शहरातले खड्डे, गतिरोधक, घाटातला डांबरी रस्ता यांसाठी अशी गाडी उत्तम. आणखी एक पेपर मात्र कुठल्याच गाडीला द्यायचा नाही. पुलावरून वाहतं पाणी! साधारण ३० सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढं वाहतं पाणीसुद्धा छोटी मोटार उचलू शकतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या खेळण्यांसारख्या वाहून गेल्या. म्हणून आई-बाबा "जाईल गाडी!" म्हणाले, तर तुम्ही ठाम सांगा, "थांबू या."

आता तुमच्यासाठी एक उद्योग. गाडी सपाट जागी बंद उभी असताना, मोठ्यांना सोबत घेऊन, फूटपट्टीने तिच्या पोटाखालची जागा मोजा. ताकद कोणत्या चाकांना जाते तेही विचारा. मग पुढच्या सहलीत डांबर कुठे संपतं याकडे लक्ष ठेवा. तिथे गाडीला सांगायचं, "तू थांब इथे, आम्ही जाऊन येतो!"