बोगद्याला स्वतःची वाट

पुण्यातल्या एका कंपनीचे सर्व्हर मी देऊळघाटातून सांभाळते. लग्न झालं तेव्हा पुण्यातली खोली सोडली, नोकरी सोडली नाही. पैनगंगा उगमापासून फार लांब गेलेली नसते तिथलं, बुलढाण्याजवळचं हे गाव. घरात फायबर आलं आणि इथून काम करणं जमू लागलं. कंपनीची अट एकच होती: रात्री-अपरात्री सर्व्हर अडला तर मला आत शिरता आलं पाहिजे. ही अट पाळता आली नाही तर पुन्हा पुण्याला जावं लागेल, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आणि फायबर तुटायचं. रस्त्याचं खोदकाम सुरू झालं की जेसीबीच्या दातात केबल यायची आणि जोडणारा माणूस येईपर्यंत संध्याकाळ, कधी दुसरा दिवस. फोनच्या हॉटस्पॉटवर काही काळ भागवलं. पण तो लावला की घरातले सगळेच त्यावर येणार, धाकटे दीर मॅच लावणार आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपणार. म्हणून वेगळा फोरजी राउटर घेतला, दुसऱ्या कंपनीचं सिम टाकलं आणि ठरवलं की या सिमवरून कामाचा व्हीपीएन सोडून काहीही जाणार नाही. बाकीचं घर फायबरवरच राहील.

व्हीपीएन म्हटल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, हे बंदीतलं तर नाही ना?" प्रश्न रास्त होता. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी या गेमवर बंदी आली तेव्हा ती चुकवण्याच्या गप्पांत पोरांच्या तोंडी हा शब्द आला, आणि तेव्हापासून व्हीपीएन म्हणजे लपूनछपून काहीतरी, असाच समज झाला. मी त्यांना म्हटलं, "बाबा, व्हीपीएनवर आपल्याकडे बंदी नाही." एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएनची सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं, कंपन्यांनी आपल्या कामासाठी उभारलेले व्हीपीएन त्यातून वगळले. माझा बोगदा, म्हणजे माझा व्हीपीएन, या दुसऱ्या प्रकारचा. एक टोक घरातल्या राउटरवर, दुसरं मुंबईत कंपनीने भाड्याने घेतलेल्या छोट्या सर्व्हरवर.

मुंबईचं टोक लागतंच, कारण माझ्या सिमला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एका पत्त्याआड बसवतात. १०० पॉइंट ६४ पासून सुरू होणारे पत्ते २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवले गेले. मोठ्या वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखं हे: आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला नेमकं बिऱ्हाड सापडत नाही. म्हणून बोगदा नेहमी घरातूनच खणायचा आणि खणून झाल्यावर उघडा ठेवायचा. मी वायरगार्ड वापरते. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर मार्च २०२० मध्ये लिनक्स कर्नलच्या ५.६ आवृत्तीत आलं. त्यात पासवर्ड नसतो, दोन्ही टोकांना किल्ल्यांची जोडी असते, आणि सिमचा पत्ता मध्येच बदलला तरी पुढचं खरं पॅकेट आलं की सर्व्हर नवा पत्ता आपोआप धरतो. दर २५ सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवलं की मोबाइल कंपनी वाट विसरत नाही. त्याचा खर्च दिवसाला दोनशे केबीच्या आसपास. तो मला बिनघोर परवडतो.

राउटरला वाट सांगणं सोपं होतं: मुंबईच्या सर्व्हरचा पत्ता फक्त सिमच्या वाटेने. एका ओळीचा रूट. पण त्याखाली आणखी एक ओळ लागते, आणि ती फार कमी लोक लिहितात. सिम बंद पडलं की ही वाट राउटरच्या यादीतून पुसली जाते, पॅकेट मुख्य वाटेने म्हणजे फायबरने निघतं आणि बोगदा चालूच दिसतो. रिचार्ज संपल्याचं कळणार कधी, तर फायबर तुटेल त्या दिवशी. म्हणून दुसऱ्या ओळीत सांगायचं: सिमची वाट नसेल तर या पत्त्याला वाटच नाही. मग सिम गेल्या गेल्या बोगदा पडतो आणि मला कळतं. दुसरी लाइन पहिलीच्या खांद्यावर उभी असेल तर ती नसल्यातच जमा.

बोगदा लागला. कमांड चालत होत्या, पण मोठी फाइल पाठवली की गाडी अडायची. वायरगार्ड पॅकेटचा आकार १४२० बाइट धरतो. मोबाइलच्या जाळ्यात कुठेतरी वाट त्याहून अरुंद होती आणि मोठी पॅकेटं गुपचूप पडत होती. आकार १२८० केला आणि बॅकअप सुरळीत जाऊ लागले.

त्यापेक्षा खोलातली गोष्ट वळवाच्या पावसात कळली. आधी फायबर गेलं, मग लाइट गेली, आणि इन्व्हर्टर उतरल्यावर राउटरही बंद पडला. लाइट आली, राउटर सुरू झाला, सिमला रेंज होती, तरी बोगदा लागेना. नोंदी बघताना तारखेकडे लक्ष गेलं: राउटर जुन्या तारखेत होता. अशा स्वस्त राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते; सुरू झाल्यावर तो इंटरनेटवरून वेळ घेतो. ती वेळ येणार होती मुख्य वाटेने, म्हणजे तुटलेल्या फायबरने. आणि वायरगार्ड बोगदा जोडतानाच्या प्रत्येक हस्तांदोलनावर वेळेचा शिक्का मारतो. आधीपेक्षा जुना शिक्का दिसला की सर्व्हर ते नाकारतो, म्हणजे कोणी जुनं पॅकेट पकडून पुन्हा पाठवलं तर फसवणूक होत नाही. नियम शहाणपणाचा आहे. त्या संध्याकाळी मीच परकी ठरत होते.

हाताने तारीख घातली आणि बोगदा लगेच लागला. पण मी घरी नसताना हे कोण करणार? सासूबाईंना राउटरची कमांड सांगत बसायचं नव्हतं. मुंबईच्या सर्व्हरवरच वेळ सांगणारी सेवा बसवली. त्या पत्त्याची वाट सिमनेच जात असल्यामुळे बोगदा लागण्याआधीच राउटरला तिथून बरोबर वेळ मिळते. राउटरमधलं सर्व्हरचं नावही काढून त्याजागी आकडी पत्ता लिहिला, म्हणजे नावाचा पत्ता शोधायला फायबरकडे जाणं नको. मग फायबरची वायर काढली, राउटरचा प्लग काढून थोडा वेळ तसाच ठेवला आणि पुन्हा लावला. बाबा शेजारी उभे होते. बोगदा आपला आपण लागला. त्यांनी विचारलं, "मग आता पुण्याला जायचं काम नाही?" मी नाही म्हटलं, आणि ते आईंना सांगायला आत गेले.

एक गोष्ट अजून माझ्या हातात आलेली नाही. लाइट फार वेळ गेली की टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात, आणि टॉवरकडे जाणारं फायबर आमच्याच चरातून जातं का, हे मला कोणी सांगत नाही. पुढच्या खेपेला केबल तुटली की टॉवर सुरू राहतो का, ते बघायचं. तोही पडला तर सिम बदलून दुसऱ्या टॉवरवर चालणारं घ्यायचं, आणि तोवर बुलढाण्यात मैत्रिणीच्या घरी एक टेबल ठरवून ठेवलं आहे.