वाचलं की पुसलं

शिकागोजवळच्या एका उपनगरात मी भाड्याने राहतो. घरमालक एकटेच, वय एक्याऐंशी. त्यांच्या तळघरात १९५८चा सीबर्ग ज्यूकबॉक्स आहे. ८० रेकॉर्ड, दोन्ही बाजू धरून १६० गाणी. कंपनीसुद्धा शिकागोचीच. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी माझी पदवी इलेक्ट्रॉनिक्सची आहे हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "बघतोस का जरा?"

दुखणं काय, तर गाणं निवडलं की रेकॉर्ड उचलणारी गाडी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, पण थांबायची नाही. २०११पासून यंत्र बंदच होतं. "त्या संध्याकाळी बायकोने गाणी लावली होती," ते म्हणाले. "एकही वाजलं नाही. वैतागून मी प्लगच काढला. पुढच्या आठवड्यात ती हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही."

त्यांनी हे फक्त बिघाडाचा इतिहास म्हणून सांगितलं. माझा हात मात्र प्लगवरून मागे आला.

कारण या यंत्राला मेमरी आहे. सीबर्गने ती १९५५मध्ये आणली. प्रत्येक गाण्यामागे फेराइटची एक छोटी कडी. गाणं निवडलं की तिच्यातून विजेचा झटका जातो आणि तिचं चुंबकत्व उलट्या दिशेला वळतं. 'हे हवंय' याची नोंद एवढीच. ती टिकवायला वीज लागत नाही. त्या काळातले संगणकही याच तत्त्वावर चालायचे. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६०च्या सुमाराला उभ्या राहिलेल्या टिफ्रॅकची मेमरीही फेराइटचीच होती.

म्हणजे तिने निवडलेली गाणी अजून आत असू शकत होती.

पण वाचण्याची पद्धत विचित्र आहे. गाडी प्रत्येक कडीपाशी एक झटका पाठवते. कडी वळलेली असेल तर ती मूळ दिशेला परतते आणि परतताना तारेत बारीकसा पल्स उमटतो. तो पल्स थायरट्रॉन नावाच्या व्हॉल्व्हला चेतवतो आणि गाडी थांबते. थोडक्यात, वाचलं की पुसलं. संगणक वाचून झाल्यावर तीच नोंद परत लिहायचे. ज्यूकबॉक्सला तशी गरज नाही, वाजलेलं गाणं यादीतून जायलाच हवं.

आता बिघाड कुठे आहे याला वेगळाच अर्थ आला. दोष व्हॉल्व्हमध्ये असेल, तर त्या संध्याकाळीच सगळ्या कड्या पुसल्या गेल्या, फक्त कुणाला ऐकू आलं नाही. दोष झटका कडीपर्यंत पोचण्याआधीचा असेल, तर गाणी शाबूत.

कोड अडला की मी दहा ठिकाणी प्रिंट टाकतो. इथे तसं चालणार नव्हतं. मेमरीला ओहममीटर लावू नका, अशी ताकीदच आहे, कारण मीटरचा करंटही कड्या बिघडवू शकतो. म्हणून मेमरी सोडवून बाजूला ठेवली आणि बाकीचं तपासत गेलो. आत २००च्या वर व्होल्ट असतात, त्यामुळे एक हात खिशात. थायरट्रॉन टेस्टरवर लावला. चांगला होता. झटका देणारा कपॅसिटर नीट भरत होता. उरले गाडीवरचे संपर्क, जे कड्यांच्या पट्टीवर घासत जातात. भिंगाखाली पाहिले तर काळे पडलेले, वर जुन्या ग्रीसचा थर. झटका तयार होत होता, पण पोचत नव्हता.

वीज बंद ठेवून संपर्क साफ केले आणि घरमालकांना सगळं सांगितलं.

"आधी कॉपी काढता येईल?"

"नाही. ऐकाल तेव्हा यादी कागदावर उतरवता येईल, पण आत काही राहणार नाही. आणि धूळ कदाचित सगळीकडे सारखी नसेल. काही गाणी आधीच गेली असतील."

दोन आठवडे ते त्याबद्दल बोलले नाहीत. मग एका रविवारी त्यांनी मला खाली बोलावलं. मी मेमरी जोडली, त्यांनी स्वतः प्लग लावला.

गाडी तीनदा थांबली. तीन गाणी पूर्ण वाजली. मग यंत्र शांत झालं.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "यातलं तिने शेवटी कुठलं लावलं असेल?"

ते यंत्राला माहीत नसतं. गाडी गाणी रांगेतल्या जागेप्रमाणे वाजवते, निवडल्याच्या क्रमाने नाही. एकच गाणं तीनदा निवडलं तरी ते एकदाच वाजतं. कडीत 'हो' किंवा 'नाही' एवढंच मावतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"मग ते मी ठरवतो," ते म्हणाले, उठले, आणि एक अक्षर आणि एक आकडा दाबला.