ब्रेक दाबा, बाबा!

ज्या रात्री मी आयुष्यात प्रथमच अंतराळातली दोन याने एकमेकांना जोडायला निघालो, त्या रात्री आमच्या घरी दूध उतू गेले. 'एवढं बघा हं,' असे बजावून ही शेजारी गेली होती. मी बघत होतो, नाही असे नाही. पण दुधाकडे नव्हे. एका निळ्या गोलाभोवती शंभर किलोमीटर उंचीवरून माझे यान धावत होते आणि पुढे, अगदी नजरेच्या टप्प्यात, दुसरे यान चमकत होते. अशा वेळी दुधाचे काय घेऊन बसलात!

वाचकहो, मी मराठीचा अध्यापक. संधी-समास आणि अलंकार शिकवून पोट भरतो. आकाशाशी माझा संबंध कोजागरीच्या चंद्रापुरता. तेव्हा मी या फंदात कसा पडलो हे सांगायला हवे, आणि ते सांगायचे तर आधी एक कबुली द्यायला हवी.

२०२४च्या जूनमध्ये इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला. निकाल लागला म्हणजे आमच्या चिरंजिवांचाच लागला. त्या रात्री जेवताना मी एक वाक्य बोललो. ते येथे लिहीत नाही. मराठीच्या अध्यापकाला शब्दांची निवड बरी जमते, आणि दुर्दैवाने त्या रात्री ती फारच चांगली जमली होती. चिरंजीव रडले नाहीत, ताटावरून उठलेही नाहीत. उरलेला भात संपवून, हात धुऊन आपल्या खोलीत गेले. तेव्हापासून आमच्यात 'हो', 'नाही' आणि 'तिथंच ठेवलंय' एवढीच भाषा उरली.

चूक उमगायला मला दोन दिवस पुरले. पण ती निस्तरण्याची माझी रीत म्हणजे अध्यापकाचीच. नापास होऊन पुढे नावारूपाला आलेल्या माणसांची कात्रणे मी त्याच्या टेबलावर ठेवू लागलो. मुद्दाम डोसा खायला चल म्हणू लागलो. त्याच्या पलंगाच्या कडेला बसून 'मग काय म्हणतोस?' असे विचारू लागलो. तो काहीच म्हणत नसे. हळूहळू खोलीचे दार लवकर लागू लागले.

ऑक्टोबरात एका रात्री एक वाजता त्या दाराखाली उजेड दिसला. खेळतो आहे, हे उघड होते. चार शब्द सुनवावेत म्हणून मी दार लोटले, आणि पडद्यावर दोन याने एकमेकांकडे इतक्या सावकाश सरकताना दिसली, की मी सुनवायचे विसरून विचारले, ''हे काय चाललंय?''

''डॉकिंग. हळू बोला, पाच मीटर राहिलेत.''

चार महिन्यांत त्याने माझ्याशी बोललेले हे सर्वांत लांब वाक्य. मी खुर्ची ओढून बसलो.

खेळाचे नाव 'कर्बल स्पेस प्रोग्राम'. २०११ साली तो मेक्सिकोतल्या लोकांनी लोकांपुढे आणला. त्यात हिरव्या रंगाचे बुटके 'कर्बल' अंतराळात जातात. टाक्या, इंजिने, पंख जोडून यान आपणच बांधायचे, आपणच उडवायचे आणि बहुधा आपणच फोडायचे. यानांच्या तोंडाशी जोडणीची कडी असते. दोन कड्या अगदी समोरासमोर आल्या, की चुंबकाने ओढल्या जाऊन याने जखडली जातात. डॉकिंगला मी 'सांधणे' हा शब्द सुचवला. रेल्वेत सांधेवाला असतोच की! चिरंजीव म्हणाले, ''सांधे तुमचे दुखतात, बाबा.'' मला विनोदापेक्षा त्यातल्या 'बाबा'चेच अप्रूप वाटले.

तर माझा पहिला प्रयत्न. पुढचे यान गाठायचे आहे. कोणताही शहाणा माणूस काय करील? इंजिन पेटवील. मी पेटवले. क्षणभर अंतर कमी झाले, आणि मग ते यान खाली सरकत सरकत पुढे निसटून गेले. मी आणखी वेग दिला. ते आणखी लांब!

''ब्रेक दाबा, बाबा!''

''अरे, ते पुढं चाललंय!''

''म्हणूनच.''

गंमत अशी, की वेग दिला की यान वर चढते, त्याची वाट मोठी होते आणि फेरीला वेळ जास्त लागतो. उलट तोंड करून इंजिन पेटवले, की यान खाली उतरते. आतली वाट आखूड, शिवाय तिथला वेगही अधिक. शंभर किलोमीटरवरून त्या गोलाला एक फेरी घालायला साडेबत्तीस मिनिटे लागतात, ऐंशीवरून सव्वाएकतीस. प्रत्येक फेरीत सव्वा मिनिटाहून जास्त कमाई. मग योग्य वेळी पुन्हा वर चढायचे, की पुढचा समोर हजर.

हे मलाच कळले नाही असे नव्हे. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी-४ यानातून मॅकडिव्हिट याने आपल्याच रॉकेटचा टाकलेला भाग गाठायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याचीही अशीच फजिती झाली; इंधन जाळून अखेर नाद सोडावा लागला. पुढल्या वर्षी, १६ मार्च १९६६ला, आर्मस्ट्राँग आणि स्कॉट यांनी जेमिनी-८ मधून पहिल्यांदा दोन याने सांधून दाखवली.

जवळ गेल्यावरचे काम तर आणखी नाजूक. तिथे हवा नाही, घर्षण नाही. एकदा दिलेला धक्का आपोआप जिरत नाही. उजवीकडे सरकायला 'एल' दाबलात, तर थांबायला तेवढाच 'जे' दाबावा लागतो. मी दाबायचो, विसरायचो आणि समोरच्या यानाचे सौरपंख मोडायचो.

यान मागून पुढे येईपर्यंत थांबावे लागते. खेळात काळ पळवण्याची सोय आहे. एका रात्री त्याचा हात तिकडे गेला, तेव्हा मी म्हणालो, ''राहू दे. थांबू या.'' यान गोलाच्या अंधाऱ्या बाजूला शिरले. पडदा काळा झाला. तेवढ्या काळोखात मी म्हणालो, ''त्या दिवशी जेवताना मी जे बोललो...''

बराच वेळ तो गप्प होता.

''ते मला पाठ आहे,'' तो म्हणाला. मग, ''सूर्य उगवतोय बघा.'' आणि खरोखरच कडेवरून उजेडाची रेघ फुटली. त्याने कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. ''आता तुम्ही चालवा.''

तेवढ्याने सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. पण दार उघडे राहू लागले.

पुढे जानेवारीत आपल्या इस्रोची 'स्पेडेक्स' मोहीम आली. ३० डिसेंबर २०२४ला सोडलेली ती दोन छोटी याने. डॉकिंगची तारीख पुढे ढकलली गेली. १२ जानेवारीला याने तीन मीटरपर्यंत आणून पुन्हा मागे नेली. लोक हळहळले. चिरंजीव मात्र खूश! ''बघा, त्यांनाही मागं यावं लागतं.'' १६ तारखेला ती जोडली गेली आणि असे करणारा भारत चौथा देश ठरला. त्या दिवशी आमच्या घरी शिरा झाला. माझी याने मात्र त्यानंतर आठवड्याने सांधली. खट्‌ असा बारीक आवाज झाला. ही आतून म्हणाली, ''काय फुटलं?''

२०२५च्या जूनमध्ये तो पदार्थविज्ञान शिकायला दुसऱ्या गावी, होस्टेलवर गेला. इंजिनिअरिंग नको, असे त्याने सांगितले, तेव्हा मी या खेपेस जेवण संपेपर्यंत काही बोललो नाही. आदल्या रात्री आम्ही याने सोडवली. मी लगेच पुन्हा जोडायला गेलो, तर कडी पकडेना. ''सुटल्यावर थोडं लांब जावं लागतं,'' तो म्हणाला, ''मगच चुंबक पुन्हा धरतं.''

खेळ माझ्या कॉम्प्युटरवर आहे. परवा त्याचा फोन आला, तेव्हा मी एकट्याने एकोणीस मीटरपर्यंत पोचलो होतो.

''इंधन किती उरलंय?''

''पाव टाकी.''

''मग काही करू नका. तसंच ठेवा. मी वसुबारसेला येतोय.''