कनेरगाव नाका, वाशीमचे ताम्रपट आणि अजिंठ्यावरची लाख

हिंगोलीहून वाशीमला निघालेली गाडी कनेरगाव नाका ओलांडते आणि थोड्याच वेळात विदर्भात शिरते. गावाच्या नावातला ‘नाका’ आज पाटीपुरता उरला आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, हिंगोली निजामाकडे राहिली, आणि पुढे १९५६ पर्यंत इथून दोन वेगळे कारभार सुरू होत. सरहद्दीवर जकात घेणाऱ्या निजामी खात्याला ‘करोडगिरी’ म्हणत.

या रेषेने प्राचीन अवशेषांचीही वाटणी केली. हेन्री कझिन्स यांनी वऱ्हाडातील अवशेषांची यादी मध्य प्रांताबरोबर १८९७ मध्ये छापली; निजामाच्या मुलखाची १९०० मध्ये, स्वतंत्र. माणूस एकच, वह्या दोन. पलीकडे भारत सरकारचे पुरातत्त्व सर्वेक्षण, तर अलीकडे १९१४ पासून हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे खाते आणि त्याचे प्रमुख गुलाम याझदानी.

ज्यांचे अवशेष असे वाटले गेले, त्यांच्या लेखी मात्र ही रेषा नव्हती. १९३९ मध्ये वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट मिळाले. वत्सगुल्म, म्हणजे वाशीम, येथून दिलेल्या या दानपत्रातले गाव नांदिकटाच्या, म्हणजे नांदेडच्या, उत्तर मार्गातले आहे. आज्ञा वाशीमची, जमीन नांदेडकडची! याच वत्सगुल्म शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवले. वाटणीत वाशीम वऱ्हाडात राहिले आणि अजिंठा निजामाकडे.

हल्ली विद्यापीठांच्या उन्हाळी विनिमय कार्यक्रमांत दोन देशांच्या जतनपद्धती शेजारी ठेवून शिकवल्या जातात. अजिंठ्यात असा विनिमय शंभर वर्षांपूर्वीच घडला, आणि तोही विद्यार्थ्यांचा नव्हे, तज्ज्ञांचा. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन जाणकारांना चित्रांच्या रक्षणासाठी बोलावले. निवड उथळ नव्हती. भित्तिचित्रांच्या दुरुस्तीची इटलीइतकी जुनी परंपरा तेव्हा दुसरीकडे क्वचितच असेल.

त्यांनी सुटत चाललेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, त्याच्या कडा बांधून घेतल्या. हे काम झाले नसते तर आज दिसणारी काही चित्रे जमिनीवर माती होऊन पडली असती. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांनी हे आधी मान्य करायला हवे.

मग त्यांनी चित्रांवर लाखेचे वॉर्निश चढवले. रंग उजळले, पाहणारे सुखावले. पण इटालियन फ्रेस्कोत रंग ओल्या चुन्यात मुरतो आणि चुन्याबरोबरच दगडासारखा होतो. अजिंठ्याचा गिलावा मातीचा, त्यात भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू. रंग वाळलेल्या पृष्ठभागावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून दिलेला. मागचा बेसाल्ट पावसाळ्यात पाझरतो. अशा भिंतीला श्वास घेऊ देणे भाग असते, आणि लाखेने तोच कोंडला. वर्षांगणिक लाख पिवळी, मग तपकिरी झाली, धूळ धरू लागली, आणि आक्रसताना रंगाचे पापुद्रे ओढू लागली. संस्थान विलीन झाल्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली, तेव्हा रसायनतज्ज्ञांपुढे नवे चित्र जपण्याआधी जुना उपाय उतरवण्याचे काम होते.

लाख तर भारतातलीच. तरीही ती या भिंतीला परकी ठरली, हे विसरून ‘परदेशी पद्धत वाईट’ असा सोपा निकाल काढला जातो.

हिंगोली-वाशीमच्या पट्ट्यातच नव्हे, मराठवाडा-विदर्भातल्या कितीतरी गावांत वेशीजवळच्या वीरगळांना आणि मारुतीच्या देवळातल्या जुन्या शिल्पांना जत्रेआधी चकचकीत ऑइलपेंट दिला जातो. देणारे श्रद्धेने देतात, पदरचे पैसे खर्चून. एका दुपारी काम संपते. अजिंठ्यावरची लाख उतरवायला मात्र कित्येक दशके गेली, कापसाच्या बोळ्याने, बोटभर बोटभर.