ऋण आणि देणगी

मराठवाडा विद्यापीठ आणि पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था यांचे स्थापनावर्ष एकच, १९५८. पवईच्या संस्थेत १९७३ साली प्रवेश घेतलेल्या नंदन निलेकणी यांनी या ऋणानुबंधाला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने २०२३ मध्ये तिला ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे ८५ कोटी धरता त्यांची एकूण देणगी ४०० कोटींची झाली. ही वार्ता वाचली तेव्हा बीड जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयात मूल्यांकनासाठी माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाचा तक्ता भरण्याचे काम चालले होते. मराठी विभागाचा रकाना माझ्याकडे होता.

आमचा एक विद्यार्थी ऊसतोड कामगारांचा मुलगा. आईवडील हंगामात कारखान्यावर जात, हा आजीजवळ राहून शिके. आज तो शिक्षक आहे. परीक्षेचे अर्ज भरण्याच्या दिवसांत तो येतो आणि चार-पाच मुलांचे शुल्क माझ्या हाती ठेवतो. पावतीचे विचारले, तेव्हा म्हणाला, "नको सर, नाव कळलं की पोरं ओशाळतात." पावती नाही, म्हणून तक्त्यात नोंद नाही. रकान्यात मी 'निरंक' असे लिहिले.

मोठ्या देणगीचे मोल मी नाकारीत नाही. प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालय व मनोऱ्यासाठी प्रत्येकी दोन लाख रुपये दिले. ते त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते, तरी ग्रंथालय सर्वच विद्याशाखांचे झाले आणि मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाईंचे नाव मिळाले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाईंचे नाव लाभले.

परंतु माजी विद्यार्थ्याचे दान बहुधा आपल्याच विद्याशाखेकडे वळते. ज्या विद्येने संपत्ती दिली, तिच्याकडे संपत्ती परत जाते. हे स्वाभाविकच आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी अभ्यासणाऱ्याला त्या अभ्यासातून कोट्यवधी मिळत नाहीत. मग तो विभागाला काय देणार? देणगीचा आकडा हाच संस्थेच्या योग्यतेचा निकष ठरला, तर निर्धनांना शिकविणारी संस्था आपोआप नालायक ठरेल, आणि शासनालाही आपला हात आखडता घेण्यास सबब मिळेल. प्राध्यापकांच्या रिक्त जागा तासिका तत्त्वावर भागविल्या जात असताना ही भीती काल्पनिक म्हणता येत नाही.

आमचा तो विद्यार्थी शिकला तो शिष्यवृत्तीवर आणि अनुदानित वर्गात, म्हणजे लोकांच्या पैशावर. त्याचे चार-पाच मुलांचे शुल्क ही त्या ऋणाची फेड आहे. त्या अनुदानाला तो पर्याय नव्हे. सार्वजनिक विद्यापीठाचा पहिला दाता समाजच असतो, आणि तो शासनाच्या तिजोरीतून देतो. बाकीचे दान त्यावरची भर होय.

तक्ता वर गेला. 'निरंक' हा शब्द मात्र अजून मनात सलतो.