माल्टाच्या रात्री आणि ओळखीचे शब्द

परदेशी सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत दोन प्रश्न हमखास येतात. तिकडे खायचे काय, आणि रात्री मुलांना सांभाळायचे कसे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चौकशी करून मिळते. दुसऱ्याचे उत्तर घरात बसून, मुलांशी बोलूनच काढावे लागते. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबे माल्टाला गेलो, तेव्हा हा अनुभव घेतला. लहानमोठे मिळून अकराजण होतो. त्यांत कॉलेजात शिकणारे दोन मुलगे आणि दोन मुली.

माल्टा हा भूमध्य समुद्रातला छोटा देश. सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे 90 किलोमीटरवर. क्षेत्रफळ 316 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीपेक्षाही कमी. माल्टा, गोझो आणि कोमिनो ही त्यातली वस्तीची बेटे. इंग्रजांचे राज्य 1964 साली गेले. इंग्रजी मात्र राहिली, आणि गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे परकेपणा फारसा वाटत नाही. जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो.

बोटीची सहल

तिथे पोहोचल्यावर प्रत्येक हॉटेलात सहलींचे रंगीत कागद हातात पडतात. सर्वांत गाजलेली सहल कोमिनोच्या ‘ब्लू लगून’ची. पाणी इतके नितळ की खालच्या पांढऱ्या वाळूवर बोटीची सावली दिसते. कोमिनोला तिथले लोक ‘केम्मुना’ म्हणतात. शब्द ऐकताच आमच्यातल्या उर्दू शिकवणाऱ्यांचे कान टवकारले. अरबीत ‘कम्मून’ म्हणजे जिरे. एके काळी या बेटावर जिरे पिकत असे, म्हणून हे नाव पडले असे सांगतात.

अडचण होती ती बोटीची. स्वस्त तिकिटाच्या मोठ्या बोटींवर दिवसभर दारू आणि कर्कश संगीत तिकिटातच धरलेले असते. मुले म्हणाली, “सगळे त्याच बोटीने जातात. आपण प्यायची नाही म्हणजे झाले.” त्यांचे म्हणणे उडवून लावले नाही. रात्री खोलीत सगळे बसलो आणि हिशेब मांडला. अकराजणांच्या तिकिटांत थोडे पैसे घातले तर एक लहान बोट अर्ध्या दिवसासाठी आपल्यापुरती मिळत होती. तीच ठरवली. सकाळी लवकर निघालो, गर्दी होण्याआधी पोहोचलो. मुली आणि त्यांच्या आया अंगभर पोहण्याच्या कपड्यांत निवांत पाण्यात उतरल्या. मोठ्या बोटी येऊ लागल्या तेव्हा आम्ही परतीला लागलो होतो. जेवणाला ‘होब्स बिझ्झेत’ बांधून घेतले होते. पावाला टोमॅटो चोळून, वर ऑलिव्हचे तेल, ट्यूना मासा आणि केपर. नावातच सगळे आहे : अरबी ‘खुब्ज’ म्हणजे पाव आणि ‘जैत’ म्हणजे तेल.

खाण्याबद्दल एक सूचना. पास्तिझी नावाचे खुसखुशीत पुडे जागोजागी मिळतात. आत चीज किंवा वाटाणा असतो, पण पीठ मळताना कधी कधी डुकराची चरबी घालतात. म्हणून विचारूनच घ्यावेत. मासळी मुबलक आहे, आणि अरब व तुर्की लोकांची हलाल दुकानेही सापडतात.

रात्रीचा प्रश्न

माल्टात उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो. मगरिब आठनंतर आणि इशा पावणेदहाच्या पुढे. आम्ही कोकणी, शाफई. एका जागी चार दिवसांहून अधिक मुक्कामाचा इरादा असल्याने कसरची सवलत नव्हती, नमाजा पुऱ्या पढायच्या होत्या. म्हणजे दोन नमाजांच्या मध्ये रोज दीड-पावणेदोन तासांची मोकळी संध्याकाळ, आणि पर्यटकांची खरी वर्दळ त्याच वेळी सुरू होते.

सेंट जूलियन्सजवळच्या पाचेविल भागात नाचगाण्याचे क्लब आणि मद्यालये एकमेकांना चिकटून आहेत. शनिवार-रविवारी तिथे पहाटेपर्यंत गोंगाट असतो. मुलग्यांनी विचारले, “आम्ही नुसते बघून येऊ?” एका भाऊसाहेबांना त्यात वावगे वाटले नाही. तेव्हा थोरल्या मुलीने शांतपणे विचारले, “मग आम्हीही येऊ का बघायला?” कुणाला लगेच उत्तर देता आले नाही.

हा प्रश्न माल्टाचा नव्हताच. आपल्या गल्लीतही मुलगा रात्री बाराला आला तर चालते, आणि मुलीला नऊ वाजले की फोन जातो. हराम आणि हलालचे नियम मुलग्याला वेगळे आणि मुलीला वेगळे लागू होत नाहीत. नजर खाली ठेवण्याची ताकीद कुरआनने पुरुषांना आधी दिली आहे. त्या रात्री ठरले : जिथे मुलींना नेता येणार नाही, तिथे मुलगेही जाणार नाहीत. आणि जिथे जायचे, तिथे सगळे मिळून जायचे. मुलगे थोडे फुरंगटले, पण निर्णय सर्वांना सारखा होता, म्हणून तो टिकला.

नुसते ‘नाही’ म्हणून भागत नाही. त्या जागी काही द्यावे लागते. स्लीमाच्या समुद्रकिनारी मैलोन्‌मैल फरसबंद वाट आहे. रात्री तिथे माल्टी कुटुंबे आजी-आजोबांसह, बाबागाड्या ढकलत फिरतात. आम्हीही आइस्क्रीम घेऊन त्यांत मिसळलो. एका रात्री एका गावचा ‘फेस्ता’ पाहिला. तो त्यांच्या संताचा सण. धार्मिक विधींपासून दूर, चौकाच्या कडेला उभे राहून रोषणाई, बँड आणि आतषबाजी बघितली. गाड्यांवर ‘इम्-आरेत’ तळत होते, म्हणजे खजुराचे सारण भरलेल्या वड्या. विकणाऱ्या आजीबाईंनी कागदात टाकताना मोजले, “वीहेद, त्नेय्न, त्लीता, एर्बा, हम्सा.” आमच्या धाकट्याने मकतबात शिकलेले अरबी आकडे आठवून पुढचा आकडा म्हटला. आजीबाई हसल्या आणि एक वडी जादा टाकली.

मैमूना

सर्वांत लक्षात राहिली ती म्दीनाची रात्र. टेकडीवरचे हे तटबंदीचे जुने शहर, एके काळची राजधानी. आत मोटारी मोजक्याच, म्हणून त्याला ‘शांत शहर’ म्हणतात. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात चिंचोळ्या गल्ल्यांतून फक्त आपलीच पावले ऐकू येतात. नाव ऐकून जे वाटते तेच खरे : मदीना. इ.स. 870 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अग्लबी मुसलमानांनी माल्टा जिंकले. 1091 मध्ये नॉर्मन आले. पुढे तेराव्या शतकात तिथली मुस्लिम वस्ती संपली. कोणी धर्म बदलला, कोणाला देश सोडावा लागला.

गोझोच्या किल्ल्यातल्या पुरातत्त्व संग्रहालयात एक संगमरवरी शिळा आहे. मैमूना नावाच्या एका मुलीच्या कबरीवरची. हिजरी 569, म्हणजे इ.स. 1174. तेव्हा नॉर्मन राज्याला ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती, तरी कोणीतरी आपल्या लेकीसाठी सुंदर कूफी लिपीत अरबी कोरून घेतले होते. शिळेसमोर आमच्या मुली बराच वेळ थांबल्या. आम्ही फातिहा पढलो.

माणसे गेली, भाषा राहिली. माल्टी भाषा अरबीतून आलेली आहे, रोमन लिपीत लिहिली जाते आणि 2004 पासून युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. तिथले बहुसंख्य लोक कॅथलिक. पण ते देवाला ‘अल्ला’ म्हणतात. त्यांच्या उपासांच्या दिवसांना ‘रंदान’ म्हणतात, जो रमजानचाच जवळचा शब्द. शुक्रवार म्हणजे ‘जिमा’. आणि पाओला गावात 1978 साली लिबियाच्या मदतीने ज्या मशिदीची पायाभरणी झाली, तिचे नाव मरियम अल-बतूल आहे. हजरत मरियम दोन्ही धर्मांना वंदनीय.

परतताना विमानतळावर एका मुलाने विचारले, “ते ख्रिश्चन असून अरबी शब्द बोलतात, मग ती भाषा कोणाची?” त्याला सांगितले, जो ती बोलतो त्याची. आपण घरात मराठी बोलतो, तेव्हा आपल्यालाही कुणीतरी विचारते, “तुम्ही मुसलमान, मग मराठी इतकी चांगली कशी?” गोझोच्या शेतकऱ्याची जशी माल्टी, तशी आपली मराठी. आईच्या तोंडून आलेली भाषा कुणाच्या परवानगीने आपली होत नाही.

कुरआनने जमिनीवर फिरून मागच्या लोकांचा अंजाम पाहायला सांगितले आहे. ज्यांना ऐपत आहे त्यांनी मुलाबाळांना घेऊन जरूर फिरावे. निघण्याआधी एक संध्याकाळ घरात बसून मुलग्या-मुलींसाठी एकच नियम ठरवावा. बाकी सामान नंतर भरले तरी चालते.