रक्ताची आणेवारी

रक्ताच्या मूळ पेशी मोजून देणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय आहे, त्यांना आपण संपूर्ण पिशवी कधीच मोजीत नाही, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. दात्याच्या अर्धा लिटर मज्जेपैकी आमच्या नळीत पडतात ते अवघे शंभर मायक्रोलिटर, आणि त्यांवरून साऱ्या पिशवीचा अंदाज बांधावयाचा. आमच्या धुळ्याकडे शिवारातले मोजके तुकडे कापून गावाच्या पिकाची आणेवारी ठरते, त्याच जातीचा हा कारभार.

20 मार्च 1983 रोजी टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले मज्जा-प्रत्यारोपण केले, तेव्हा सीडी-34 ही मूळ पेशींची खूण प्रसिद्धही झालेली नव्हती; ती 1984 ची. आज जो शिरस्ता आम्ही पाळतो, तो 1996 च्या ‘ईशाज’ पद्धतीवर बेतलेला: सीडी-34 ठळक, सीडी-45 ही दुसरी खूण फिकट आणि अंतर्भाग कणरहित, अशा तिन्ही कसोट्यांस उतरेल तीच पेशी हिशेबात धरावयाची, आणि मेलेली, मग ती कितीही ठळक चमको, वगळावयाची. नळीत मोजून घातलेले सूक्ष्म मणी असतात. पेशी मोजणाऱ्या यंत्राने त्यांच्याशी पेशींचे प्रमाण काढले की संख्या मिळते. पण यंत्राच्या या चातुर्याचा सारा डोलारा पिपेटीवर उभा असतो. टोकाला बाहेरून लागलेले रक्त पुसले नाही, किंवा टोक मण्यांच्या जाळीला लागले, की पुढचे गणित बिनचूक असूनही निरर्थक!

सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा-भिल्ल वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून आहे. चोपड्याकडचे पंचवीस किलोचे एखादे मूल प्रत्यारोपणासाठी मुंबईस येते, थोरला भाऊ दाता ठरतो, आणि दर मायक्रोलिटरला 100 पेशी निघतात. म्हणजे पिशवीत 5 कोटी, किलोमागे 20 लाख, अगदी किमान मर्यादेवर. दुहेरी मोजणीत सरासरीच्या वर-खाली दहा टक्क्यांची तफावत शास्त्रास मान्य आहे; परंतु मर्यादेवर तीच तफावत 18 लाख आणि 22 लाख यांमधली होते. अशा वेळी बाहेरच्या बाकावरून बाप अहिराणीत विचारतो, “पुरतीन ना, भाऊ?” आणि मी त्याला डॉक्टरसाहेबांकडे पाठवितो, कारण पुरणे-न पुरणे ठरविण्याचा अखत्यार माझा नव्हे. दाखल्यावर मात्र नुसती सरासरी लिहून मोकळे होणे मला पटत नाही; दोन्ही वाचने आणि मृत पेशींचे प्रमाण मी वेगळ्या ओळीत नोंदवितो, मग वरिष्ठांना तो पसारा वाटला तरी वाटो.